पंधरा अंशांचा हिवाळा

माल्टाशेजारच्या गोझो बेटावर जानेवारी काढणार असे कळल्यावर पुण्यातल्या मित्रांनी तिथले तापमान शोधून काढले आणि पंधरा अंशांचा आकडा पाहून आमचा मनसोक्त हेवा केला. आकडा खरा होता. फक्त तो घराबाहेरचा होता.

इथली घरे बेटावरच्याच पिवळसर चुनखडीच्या दगडाची असतात. उन्हाळ्याची काहिली आत शिरू नये म्हणून गवंड्यांनी पिढ्यानपिढ्या जाड भिंती आणि उंच छते बांधण्यात जी अक्कल खर्च केली, तिची फळे हिवाळ्यात भाडेकरूच्या वाट्याला येतात. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो, आणि प्यायलेले पाणी परत देण्याची त्याला मुळीच घाई नसते. वर्षाला इथे जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वरच्या दहावा हिस्सादेखील नाही. कोकणात वाढलेल्या माणसाने त्याला पाऊस म्हणायचेच कशाला? पण कोकणात ओले कपडे वाळत घालायला चूल असते. इथे दोरीवरचा पायमोजा सकाळी जितका ओला होता, त्याहून संध्याकाळी थोडा अधिकच ओला लागला.

त्या दिवशी ग्रेगाले, म्हणजे ईशान्येचा वारा, सुटला होता आणि बाहेर चिटपाखरूही नव्हते. ब्लँकेट पांघरून मी बायबलमधली ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचायला घेतली, कारण संत पौलाचे जहाज अशाच वादळात सापडून माल्टाच्या किनाऱ्याला लागले होते. तिथे स्पष्ट लिहिले आहे की पाऊस आणि थंडी होती म्हणून बेटकऱ्यांनी शेकोटी पेटवून सर्वांचे स्वागत केले. जहाजावर दोनशे शहात्तर माणसे होती! या घटनेसाठी माल्टात १० फेब्रुवारीला अजूनही सार्वजनिक सुट्टी असते. शेकोटीची प्रथा मात्र आमच्या घरमालकीणबाईंपर्यंत पोहोचलेली दिसली नाही.

त्यांनी दिली होती ती पोटात सिलिंडर घेऊन चाकांवर फिरणारी गॅसची शेगडी. ती ऊब देते, यात वाद नाही. पण गॅस जळताना वाफही तयार होते, आणि ती वाफ थेट खिडकीच्या काचेवर व आमच्या उशीवर जाऊन बसते. त्यावर उतारा म्हणून हवेतली ओल ओढून घेणारे एक यंत्रही होते. म्हणजे एक यंत्र हवेत पाणी सोडणार, दुसरे ते गोळा करणार, आणि त्याचा भरलेला डबा मोरीत ओतायचे काम माझे. ज्या देशात पिण्याचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते, तिथे मी फुकटचे पाणी असे ओतत होतो.

शेवटी घरमालकीणबाईंकडे गेलो. त्या स्वतःच्या दिवाणखान्यात ओव्हरकोट घालून बसल्या होत्या.

“खिडक्या उघडा,” त्या म्हणाल्या, “आणि ऊब हवी असेल तर बाहेर जा.”

वेडगळ वाटणारा हा सल्ला इथल्या सगळ्यांना पाठ असावा, कारण कोपऱ्यावरच्या पास्टिझीच्या, म्हणजे सारण भरून भाजलेल्या खुसखुशीत पुडांच्या, दुकानात, भट्टीच्या अगदी जवळ, भुकेची कोणतीही खूण चेहऱ्यावर नसलेले बरेच लोक उभे होते. मी एक रिकोटा चीजचे आणि एक वाटाण्याचे पास्टिझी मागितले. दुकानदार दोन्ही एकाच कागदी पिशवीत घालू लागला, तेव्हा मी त्याला थांबवून वेगवेगळ्या पिशव्या मागितल्या. कोटाला खिसे दोन होते.