१५८८ म्हणजे फक्त आर्मादा नव्हे

तुमचा १५८८ सालाच्या घडामोडींवरचा लेख आवडला, पण जवळजवळ सगळी जागा आर्मादालाच, म्हणजे इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पेनच्या आरमारालाच दिलीत, हे काही पटलं नाही. बरं, त्यातही त्याच्या पराभवाचं सगळं श्रेय वादळालाच! फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ नांगरून उभ्या असलेल्या ताफ्यावर इंग्रजांनी रात्री आठ पेटती जहाजं सोडली. घाबरून स्पॅनिश खलाशांनी नांगरांचे दोर कापले आणि नांगर तिथेच समुद्रात राहिले. पुढे आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळाने गाठलं तेव्हा जहाज धरून ठेवायला अनेकांकडे पुरेसे नांगरच नव्हते. वारा होताच हो, पण हेही लिहायला हवं होतं. शिवाय तारखा देताना पंचांग कोणतं ते सांगा. स्पेनने नवं ग्रेगोरियन स्वीकारलेलं, इंग्लंड जुन्यावरच अडून बसलेलं, त्यामुळे एकाच लढाईच्या तारखेत १० दिवसांचा फरक पडतो.

त्याच साली जपानमध्ये तिथला सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडच्या तलवारी जप्त केल्या. कारण काय सांगितलं, तर क्योतोच्या महाबुद्धाच्या कामाला खिळे हवेत! खरा हेतू उठाव रोखण्याचा, हे उघड आहे.

आणि आपल्या अहमदनगरात? मुर्तजा निजामशाहाला पोटच्या मुलानेच, मिरान हुसेनने, हमामखान्यात कोंडून खाली आग पेटवून मारलं. त्या काळी नगर दरबारात असलेल्या फरिश्ता या इतिहासकारानेच हे लिहून ठेवलंय. मराठी संकेतस्थळावरच्या लेखात याला निदान एक ओळ तरी द्यायची होती की!