मेल्यावर वैर संपतं, पण काम झालेलं असेल तर

एखादा हुकूमशहा मेला की एक मजकूर हमखास फिरतो: 'मरणान्तानि वैराणि. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. त्याच्या मरणावर नाचणाऱ्यांत आणि त्याच्यात फरक काय? नाचून गेलेले थोडेच परत येतात?' ऐकायला फार सोज्वळ.

आधी श्लोक. रामायणात राम हे बिभीषणाला सांगतो, रावणाचे अंत्यसंस्कार कर म्हणून. आणि लगेच पुढे म्हणतो, 'निर्वृत्तं नः प्रयोजनम्', आपलं काम झालं. मजकुरात हा तुकडा कधीच नसतो.

चिलीत काम झालंच नव्हतं. तिथला माजी लष्करी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे १० डिसेंबर २००६ ला रुग्णालयात वारला. त्याच्या राजवटीत सुमारे ३,००० माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. शेकडो फौजदारी तक्रारी अंगावर असताना तो एकाही खटल्यात दोषी न ठरता निसटला. सांतियागोच्या रस्त्यांवर शॅम्पेन फुटली, तसे समर्थक ओक्साबोक्शी रडलेही. अंत्यदर्शनाच्या रांगेत पिनोशेच्या आधीचे लष्करप्रमुख जनरल कार्लोस प्रॅट्स यांचा नातू मुकाट उभा राहिला. पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी १९७४ मध्ये ब्वेनोस आयरेसला गाडीत बॉम्ब लावून या नातवाच्या आजी-आजोबांना मारलं होतं. नंबर आल्यावर तो शवपेटीवर थुंकला.

त्याला सभ्यता शिकवायची, तर त्याच रांगेत पिनोशेला तारणहार म्हणणाऱ्यांनाही गप्प बसवा. वाईट बोलायचं नाही, गोडवे मात्र हवे तेवढे गायचे, हा कुठला न्याय? चिलीच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मिशेल बॅचलेट यांचा स्वतःचा त्या राजवटीत छळ झाला होता, वडील कैदेतच वारले होते. त्या नाचल्या नाहीत. शासकीय इतमाम तेवढा नाकारला. मला हे उत्तर सगळ्यात नेमकं वाटतं.

गेलेले परत येत नाहीत, खरंय. पण जिवंत असलेले येतात. स्टालिन ५ मार्च १९५३ ला गेला. महिनाभरात कैद्यांना माफी जाहीर झाली आणि खोट्या कटात गोवलेले डॉक्टर एप्रिलच्या सुरुवातीला सुटले.

राहिला 'फरक काय'. एकाने माणसं मारली, दुसऱ्याने बाटली उघडली, एवढा फरक पुरे. हां, मिलानमध्ये २९ एप्रिल १९४५ ला मुसोलिनीचं प्रेत उलटं टांगलं, ते वेगळं. त्याच चौकात आठ महिन्यांपूर्वी फॅसिस्टांनी १५ जणांना गोळ्या घालून त्यांची प्रेतं मांडली होती, संताप कळतो. पण शेजारी त्याची प्रेयसी क्लारा पेताचीही लटकत होती, आणि तिने कुठलं राज्य चालवलं नव्हतं. तिथे मजकूरवाल्यांशी माझं भांडण नाही.