रिफ्लेक्शन शंभरपट स्लो? आधी मोजलंय काय ते बघू

जावा शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर आणि इंटरव्ह्यूच्या नोट्समध्ये एक विधान वर्षानुवर्षं फिरतंय. सारांश असा: रिफ्लेक्शन (क्लास आणि मेथड रनटाइमला नावावरून शोधून कॉल करणं) साध्या कॉलपेक्षा शंभरपट स्लो असतं, कारण जेव्हीएमला (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला) त्यात काहीच ऑप्टिमाइझ करता येत नाही. हायबरनेटसारख्या (डेटाबेसमधल्या रांगांची ऑब्जेक्ट बनवणाऱ्या) लायब्रऱ्या त्यामुळेच जड होतात. म्हणून रनटाइमला बाइटकोड (जेव्हीएम चालवतं तो कंपाइल केलेला कोड) जनरेट करा, तो थेट कॉलइतका वेगवान असतो आणि वर त्याचा काही खर्च नाही. सोबत पुराव्यादाखल दहा-बारा ओळींचा एक कोड असतो. या विधानावर विसंबून चांगल्या टीमचे आठवडेच्या आठवडे वाया गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी तो पुरावा. कोडमध्ये दहा लाख वेळा फिरणारं लूप असतं. एकदा साधा गेटर (फील्डची किंमत देणारी मेथड) कॉल करायचा, एकदा रिफ्लेक्शनने, आणि दोन्ही वेळा नॅनोटाइमची वजाबाकी छापायची. नीट बघा, दुसऱ्या लूपमध्ये ‘गेटमेथड’सुद्धा लूपच्या आतच लिहिलेलं असतं. म्हणजे दर फेरीला नावावरून मेथड शोधायची आणि मेथड ऑब्जेक्टची नवी प्रत बनवायची. हा वेळ शोधण्याचा आहे, कॉलचा नाही. कुठलीही नीट लिहिलेली लायब्ररी मेथड एकदाच शोधते आणि जपून ठेवते. पहिल्या लूपचं दुखणं याच्या उलट आहे. गेटरने दिलेली किंमत पुढे कुणी वापरतच नाही, त्यामुळे जेआयटी कंपायलर (बाइटकोड चालता चालता मशीन कोडमध्ये बदलणारा जेव्हीएमचा भाग) ते काम निरुपयोगी ठरवून चक्क काढून टाकू शकतो. मग एका बाजूला जवळपास शून्य आणि दुसऱ्या बाजूला शोध, प्रत आणि कॉल अशी तुलना होते. त्या भागाकाराला कितीही पट म्हणता येईल. ओपनजेडीकेने (जावाच्या मुक्त स्रोत प्रकल्पाने) जेएमएच हे वेग मोजायचं साधन याच चुका टाळण्यासाठी दिलं आहे: ते वॉर्म-अप (जेआयटी कामाला लागेपर्यंतच्या सुरुवातीच्या फेऱ्या) वेगळा ठेवतं आणि मिळालेली किंमत ‘ब्लॅकहोल’मध्ये टाकून कोड उडू देत नाही.

दुसरा मुद्दा, ‘जेव्हीएमला काहीच ऑप्टिमाइझ करता येत नाही’. याचं मूळ ओरॅकलच्या जावा ट्युटोरियलमध्ये सापडतं. तिथे म्हटलंय की रिफ्लेक्शनमध्ये काही ऑप्टिमायझेशन करता येत नाहीत, म्हणून जिथे वेग महत्त्वाचा आहे अशा ॲप्लिकेशनमधल्या वारंवार चालणाऱ्या भागात ते टाळावं. ‘काही’ आणि ‘वारंवार चालणाऱ्या भागात’ हे दोन्ही शब्द फिरता फिरता गळून पडले.

जेव्हीएमच्या आत काय चालतं ते याहून रंजक आहे. जावा ८ वर चालणाऱ्या एखाद्या सर्व्हरचा लांबलचक स्टॅक ट्रेस (एरर आला की छापली जाणारी कॉलची यादी) आठवा. त्यात कुठेतरी ‘नेटिव्हमेथडॲक्सेसरइम्पल’ दिसतं, आणि तोच सर्व्हर तासभर चालला की त्या जागी ‘जनरेटेडमेथडॲक्सेसर’ आणि पुढे एक आकडा दिसायला लागतो. तो आकडा लागलेला क्लास कुणी लिहिलेला नसतो. जेव्हीएमने तो चालता चालता तयार केलेला असतो. २००२ साली आलेल्या जावा १.४ पासून अशीच व्यवस्था होती: एखाद्या मेथडचे पहिले १५ रिफ्लेक्टिव्ह कॉल नेटिव्ह कोडमधून (बाइटकोड नसलेल्या, आधीच कंपाइल केलेल्या मशीन कोडमधून) जायचे आणि १६व्या कॉलला जेव्हीएम त्या मेथडसाठी स्वतःच बाइटकोडचा क्लास बनवायचा. पुढचे कॉल त्या क्लासमधून जात, आणि जेआयटी त्याला इतर कुठल्याही क्लाससारखाच कंपाइल करायचा. म्हणजे ‘रिफ्लेक्शन सोडा, बाइटकोड जनरेट करा’ असा सल्ला दिला जात असताना रिफ्लेक्शन स्वतः तेच करत होतं. इंटरफेससाठीचं प्रॉक्सी (कॉल मधेच अडवणारं बदली ऑब्जेक्ट) तर जावा १.३ पासूनच रनटाइमला क्लास बनवतं.

१५ कॉल थांबायचं का, याचं उत्तर जेडीकेच्या (जावाच्या विकास-संचाच्या) सोर्समधल्या एका कॉमेंटमध्ये होतं. बाइटकोड लोड करणं पहिल्या कॉलला नेटिव्हपेक्षा ३ ते ४ पट महाग पडतं, नंतरचे कॉल मात्र २० पटीहून अधिक वेगवान होतात, असं तिथे लिहिलेलं होतं. ज्यांना ॲप्लिकेशन सुरू होताना एकदाच रिफ्लेक्शन लागतं त्यांच्यावर तो खर्च पडू नये म्हणून ही मर्यादा. जनरेशनला ‘काही खर्च नाही’ म्हणणाऱ्यांनी ही कॉमेंट जरूर वाचावी.

मार्च २०२२ मध्ये जावा १८ आलं आणि जेप ४१६ने (जेप म्हणजे जावातल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) हे सगळं बदललं. आता रिफ्लेक्शन मेथड हँडलवर (मेथडकडे थेट बोट दाखवणाऱ्या ऑब्जेक्टवर) उभं आहे. मेथड ऑब्जेक्ट ‘स्टॅटिक फायनल’ फील्डमध्ये असेल तर जेआयटी त्याला स्थिरांक धरतो आणि कॉल आरपार इनलाइन करू शकतो, म्हणजे मेथडचा कोड कॉलच्या जागीच बसवू शकतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे: मेथड ऑब्जेक्ट साध्या फील्डमध्ये किंवा मॅपमध्ये असेल तर काही सूक्ष्म बेंचमार्कमध्ये नवी पद्धत जुनीपेक्षा थोडी मागे पडली. पण जॅक्सन, एक्सस्ट्रीम आणि क्रायो या लायब्रऱ्या वापरून प्रत्यक्ष सीरियलायझेशन (ऑब्जेक्टचं मजकुरात किंवा बाइट्समध्ये रूपांतर) मोजलं तेव्हा घसरण दिसली नाही, असं त्याच प्रस्तावात नोंदवलं आहे.

आता हायबरनेट. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. हायबरनेटला बाइटकोड मुख्यतः लागतो तो लेझी लोडिंगसाठी, म्हणजे डेटा लागेल तेव्हाच आणण्यासाठी. ऑर्डर आणली, पण ग्राहक अजून आणायचा नाही, तर ग्राहकाच्या जागी त्याच्याच सबक्लासचं एक पोकळ ऑब्जेक्ट ठेवावं लागतं. तो सबक्लास कुणीतरी तयार करायला हवा आणि रिफ्लेक्शनने नवा क्लास बनत नाही. म्हणून बाइटकोड बनवणाऱ्या लायब्रऱ्या: आधी सीजीलिब, मग जावासिस्ट आणि ५.३ पासून डिफॉल्ट म्हणून बाइट बडी. वेग हे त्यामागचं मुख्य कारण नाही.

फील्डमध्ये किमती भरायला रिफ्लेक्शन वापरलं तर किती जातं? २०० रांगा आणि प्रत्येकी १२ कॉलम धरा, म्हणजे २,४०० सेटर कॉल. प्रत्येकाला थेट कॉलपेक्षा २० नॅनोसेकंद जास्त लागतात असं सढळ हाताने मानू. एकूण ४८,००० नॅनोसेकंद, म्हणजे ०.०४८ मिलिसेकंद. डेटाबेसकडे एक फेरी जवळच्या नेटवर्कवर अर्ध्या मिलिसेकंदाची धरली तरी ती याच्या दहापट.

मी होतो त्या एका टीममध्ये रात्रीची पगारपत्रकाची बॅच फार वेळ घेत होती. कुणीतरी हेच विधान पुढे केलं, आणि दोघांनी तीन आठवडे खपून जावासिस्टने सेटर जनरेट करणारा थर लिहिला. बॅचचा वेळ हललाही नाही. मग एसक्यूएलचा लॉग चालू केला, तर दर कर्मचाऱ्यामागे विभागाची एक वेगळी क्वेरी सुटत होती. एका ‘जॉइन फेच’ने (कर्मचारी आणि विभाग एकाच क्वेरीत आणून) काम झालं. त्या दोघांची मेहनत खरी होती, दिशा चुकीची मिळाली होती. याची मला आजही हळहळ वाटते.

‘खर्च नाही’ या दाव्याला उत्तर द्यायला जावा १७ वर अपग्रेड केलेला कुणीही चालेल. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’ ही ओळ त्याने पाहिलेली असते. जुन्या एएसएमला (बाइटकोड वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीला) नवी क्लास फाइल वाचता येत नाही, आणि ते एएसएम तुमच्या कुठल्यातरी लायब्ररीच्या पोटात दडलेलं असतं. सीजीलिबची गत याहून वाईट. जनरेट केलेला क्लास लोड करायला ते क्लासलोडरच्या ‘डिफाइनक्लास’ या संरक्षित मेथडला हात घालायचं, तेही रिफ्लेक्शनने! जावा १६ने ती वाट डिफॉल्ट म्हणून बंद केली, जावा १७ने ती सर्रास उघडायचा पर्यायही काढून घेतला. शिवाय प्रत्येक जनरेटेड क्लास मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) खातो. जावा ७ पर्यंत टॉमकॅट सर्व्हरवर तीन-चार वेळा रिडिप्लॉय केलं की पर्मजेन (मेटास्पेसच्या आधीची तशीच मेमरी) भरल्याचा एरर यायचा, त्यात अशा क्लासना धरून बसलेल्या क्लासलोडरचा वाटा असायचा. ग्रालव्हीएमच्या नेटिव्ह इमेजमध्ये (बिल्डच्या वेळीच मशीन कोडमध्ये कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये) तर रनटाइमला क्लास बनवणं साधारणपणे चालतच नाही. रिफ्लेक्शन मात्र आधी यादी दिली की चालतं.

विधानात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. सेकंदाला लाखो छोटे मेसेज सीरियलाइझ करायचे असतील, तर दर कॉलला आर्ग्युमेंटसाठी ऑब्जेक्टचा ॲरे बनवणं आणि इंटचं बॉक्सिंग (आकडा ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणं) जाणवतं. जॅक्सनसाठी आफ्टरबर्नर हे मॉड्यूल त्यासाठीच आलं, नंतर लॅम्डामेटाफॅक्टरी (लॅम्डा बनवायची जेडीकेतली सोय) वापरणारं ब्लॅकबर्ड. पण दोन्ही ऐच्छिक आहेत. जॅक्सन डिफॉल्ट म्हणून आजही रिफ्लेक्शनच वापरतं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. आधी एसिंक-प्रोफायलर या साधनाने फ्लेम ग्राफ (कुठल्या मेथडमध्ये किती वेळ जातो याचं चित्र) काढा आणि ‘इन्व्होक’ची (रिफ्लेक्टिव्ह कॉलची) पट्टी किती रुंद आहे ते बघा.

ती पट्टी खरंच रुंद निघाली तर जनरेशन करा, पण बिल्डच्या वेळी. मॅपस्ट्रक्ट (एका ऑब्जेक्टमधल्या किमती दुसऱ्यात भरायचं साधन) तुमचा कोड कंपाइल होतानाच साधा जावा कोड लिहून टाकतं. टार्गेट फोल्डरमधली ती फाइल उघडा: गेटरची किंमत सेटरला देणाऱ्या सरळ ओळी, आणि हवी तिथे ब्रेकपॉइंट लावता येतो.