शेजाऱ्याच्या बॅटरीचा हिशोब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शेजारच्या फोनमार्फत सिग्नल टॉवरला पोचवला तर बॅटरी वाचते, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: माझ्या फोनचा सिग्नल शेजाऱ्याच्या फोनने टॉवरला पोचवला तर माझी बॅटरी वाचते आणि त्याची जळते, मग बचत कसली? 'अंतर निम्मं, पॉवर १/१६' हा आकडा कागदी आहे. आणि त्यापेक्षा सोसायटीच्या गच्चीवर बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) का लावू नये?

मधला मुद्दा मान्य, लेखातलं ते वाक्य अर्धवटच होतं. पेठांमधल्या दाट वस्तीत सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो असं धरलं, तर बरोबर मध्यावरच्या फोनमुळे प्रत्येक टप्प्याला १/१६ पॉवर पुरते. पण तो फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी ऐकू आणि पाठवू शकत नाही. स्वतःच्याच प्रक्षेपणाने त्याचे कान बंद होतात. म्हणून अर्धा वेळ ऐकायचं, अर्धा वेळ पाठवायचं. तेवढाच डेटा अर्ध्या वेळात कोंबायला जास्त पॉवर लागते. शॅननच्या सूत्राने (किती पॉवरमध्ये जास्तीत जास्त किती डेटा जाईल, ते सांगणाऱ्या) दोन्ही फोनांची मिळून प्रक्षेपणाची ऊर्जा काढली, तर दर हर्ट्झमागे (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या दर एककामागे) सेकंदाला १ बिट पाठवताना ती थेट पाठवण्याच्या ३/१६ भरते, २ बिटला ५/१६, ३ ला ९/१६ आणि ४ ला १७/१६. म्हणजे चौथ्या बिटाला सगळं मुसळ केरात! पर्वतीवरून टॉवर समोर दिसत असेल तर घात दोनच्या आसपास येतो आणि दुसऱ्याच बिटाला तोटा सुरू होतो.

शेजाऱ्याचं उत्तर यातच आहे. वेग कमी आणि सिग्नल वाईट असेल तिथे त्याची आणि तुमची बेरीज धरूनही खर्च घटतो. कोथरूडच्या एखाद्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये फोन २३ डीबीएमवर, म्हणजे २०० मिलिवॉटवर, ओरडत असतो. गेटवरचा फोन मध्ये आला की तळघरातल्या फोनला एवढं ओरडावं लागत नाही. टॉवरजवळ मात्र फोन मुळातच एका मिलिवॉटच्या आत असतो. तिथे मधल्या फोनच्या रिसीव्हरचाच खर्च बचतीपेक्षा जास्त.

प्रत्यक्षात घोळ होतो तो मधला फोन निवडताना. १८०० मेगाहर्ट्झवर पायी चालणाऱ्याचं चॅनल (हवेतल्या सिग्नलच्या वाटेची स्थिती) साधारण ५० मिलिसेकंद तसंच टिकतं, ताशी ४० किलोमीटरच्या दुचाकीवर जेमतेम ६. मोजून, कळवून, निवडेपर्यंत ते बदललेलं. त्यामुळे कर्वे रस्त्यावरचे दुचाकीवाले बाद; निवड क्षणाच्या सिग्नलवर नको, सरासरी पाथ लॉसवर (वाटेत सिग्नल किती क्षीण होतो त्यावर) करावी. शिवाय ज्या फोनला तुमचा डेटा नीट डीकोड झाला नाही (उलगडून वाचता आला नाही), त्याने तो पुढे ढकलू नये, नाहीतर चुकाच टॉवरपर्यंत जातात. बॅटरी अर्ध्याखाली असलेले फोन वगळा, चार्जिंगला लावलेले आधी घ्या. शेजाऱ्याची तक्रार तिथेच मिटते.

राहिला बूस्टर. परवान्याशिवाय तो बसवणं बेकायदा आहेच, पण तांत्रिक कारण जास्त महत्त्वाचं. तो डीकोड करत नाही, सिग्नलबरोबर नॉइजही (नको असलेला गोंगाट) वाढवतो, आणि तुम्ही बोलत नसतानाही तो नॉइज टॉवरकडे जात राहतो. टॉवर जवळ असेल किंवा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) जास्त ठेवला असेल तर टॉवरच्या रिसीव्हरची नॉइज पातळी वर चढते, आणि त्या सेक्टरमधल्या (टॉवरच्या त्या बाजूच्या भागातल्या) प्रत्येक फोनला पॉवर वाढवावी लागते. तेव्हा तुमच्या एका बूस्टरपायी एकाच्या नव्हे, अख्ख्या आळीच्या बॅटऱ्या जळतील.