डिसेंबरात भाजीबाग उपटू नका

ख्रिसमस जवळ आला की मेलबर्नच्या मराठी घरांतून एक संदेश फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सांगणं तेच असतं: आता काही नवीन लावायची वेळ गेली, सुट्टीत रोज पाणी घालायला कोणी नसेल तर रोपं काढून टाका, दुपारी पाणी घालू नका, पानं करपतात, आणि भारतात चाललाच आहात तर येताना गावरान बियाणं घेऊन या. हे वाचून लोक हिरव्या फळांनी लगडलेले टोमॅटो उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

वेळ गेली हे खरं नाही. इथे मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, टोमॅटो लावायची जुनी रीत आहे. तोवर थंडी सरून माती उबदार होते, एवढाच त्याचा अर्थ. ती सुरुवातीची खूण आहे, शेवटची तारीख नव्हे. आपली भेंडी तर माती नीट तापल्याशिवाय उगवतच नाही, म्हणून मेलबर्नमध्ये तिला डिसेंबर नोव्हेंबरपेक्षा जास्त मानवतो. फरसबी आठ-दहा आठवड्यांत शेंगा देते, झुकिनी त्याहून लवकर. नाताळच्या आठवड्यात पेरलेलं फेब्रुवारी-मार्चमध्ये ताटात येतं, आणि इथली ऊब तेव्हाही टिकून असते. थांबायचं ते कोथिंबीर, पालक आणि लेट्यूससाठी. 21-22 डिसेंबरच्या सुमारास इथला दिवस पावणेपंधरा तासांच्या आसपास जातो. एवढा लांब दिवस आणि वर ऊन, कोथिंबीर चार पानं धरते न धरते तोच फुलावर येते. ती मार्चमध्ये पेरा. कोबी आणि ब्रोकोलीची हिवाळी रोपं मात्र जानेवारीतच ट्रेमध्ये टाकायला हवीत.

पाण्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तिथेच संदेश सर्वांत जास्त चुकतो. रोज झारीभर पाणी शिंपडलं की वरची दोन-तीन सेंटिमीटर माती ओली होते. मुळं मग खाली जातच नाहीत, ओलाव्यामागे वरच पसरतात. मेलबर्नचा उन्हाळा एकसारखा नसतो. बरेच दिवस पंचवीस-सत्तावीस अंशांचे जातात, मग खंडाच्या आतल्या भागातून उत्तरेचा कोरडा वारा सुटतो आणि पारा चाळिशी गाठतो. 7 फेब्रुवारी 2009 रोजी तो 46.4 अंशांवर गेला होता. अशा एका दिवसात उथळ मुळांची बाग जाते. खोल मुळांची बाग संध्याकाळी दक्षिणेचा गार वारा आला की पुन्हा उभी राहते. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदाच, पण माती वीतभर खोल भिजेपर्यंत पाणी द्या. वर पाच-सात सेंटिमीटर आच्छादन घाला. वाटाण्याचा पेंढा किंवा उसाचं पाचट इथे पोत्याने मिळतं. आपल्याकडचे ऊसकरी पाचट का जाळू नये म्हणतात, ते या वाफ्यात दिसतं.

पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असं झालं की टोमॅटोचा तळ काळा पडतो. पुष्कळ जण तो रोग समजून फवारणी करतात. खरं तर पाण्याच्या ओढाताणीत फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाणी नियमित झालं की पुढची फळं चांगली येतात.

पंधरा दिवस किंवा महिनाभर बाहेर जाणार असाल तर ठिबकच्या नळ्या आणि नळाला लावायचा साधा टायमर घ्या. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, अशा यंत्रणेने संध्याकाळी 6 ते सकाळी 10 या वेळातच पाणी देता येतं, तेव्हा पहाटे पाचची वेळ लावा. हाती धरायच्या पाईपला बंद-चालू करायची तोटी असेल तर वेळेचं बंधन नाही. चार-पाच कुंड्याच असतील तर त्या सावलीत एकत्र ठेवा. मोठ्या वाफ्यात मातीचं बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, पाणी झिरपत राहतं. आपल्या दुष्काळी भागात झाडं अशी जगवली आहेत. आणि शेजाऱ्यांना सांगा, येईल ते तोडून न्या. झुकिनी आणि काकडी तोडली नाही तर वेल नवी फळं धरायचा थांबतो, त्यामुळे त्यांनी नेणं ही बागेचीच सेवा आहे. निघण्याआधी किंचित रंग धरलेले टोमॅटो काढून घरात ठेवले किंवा कोणाला दिले तर ते छान पिकतात. तिशीच्या वर पारा राहिला की वेलीवर लाल रंग नीट चढतही नाही.

दुपारच्या पाण्याने पानं करपतात, ही समजूत जगभर आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2010 साली ती तपासली. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी पान भाजत नाही असं त्यांना आढळलं. दाट केसांनी थेंब वर उचलून धरणाऱ्या पानांवरच तसा धोका दिसला. तुम्हाला दिसणारे कागदी डाग बहुतेक वेळा ऊन आणि गरम वाऱ्याचे असतात. सकाळी पाणी देणं चांगलंच, कारण वाफ होऊन कमी जातं. पण 42 अंशांत कुंडीतली मिरची माना टाकत असेल तर संध्याकाळची वाट पाहू नका. फक्त पाईपमधलं तापलेलं पाणी आधी बाजूला सोडा.

बियाणं आणायचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. ऑस्ट्रेलियात येताना बियाणं जाहीर करावंच लागतं, आणि लपवलं तर मोठा दंड होतो. काही व्हिसाधारकांचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. कारणही खरं आहे. आपल्याकडच्या धान्यात आढळणारा खपरा भुंगेरा ऑस्ट्रेलियात रुजलेला नाही, आणि तो शिरला तर इथल्या गव्हाच्या निर्यातीवर घाला येईल. काकूंनी प्रेमाने दिलेली पुडी असली तरी ती नाकारा. भेंडी आणि मेथीचं बियाणं इथले विक्रेते विकतात. संकरित नसलेल्या भेंडीच्या दोन शेंगा झाडावरच वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचं बियाणं तयार होतं.