एनएफएलचा एकच आकडा सर्वांना लागू होत नाही

रक्तातील न्यूरोफिलामेंट लाइट चेन नावाचे प्रथिन, म्हणजेच एनएफएल, प्रति मिलिलिटर 10 पिकोग्रॅमच्या वर गेले की स्मृतिभ्रंश सुरू झाला, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. चेतातंतूंना इजा झाल्यावर रक्तात उतरणारे हे प्रथिन निरोगी माणसातही वयाबरोबर वाढते, त्यामुळे विशीतली मर्यादा सत्तरीला लावता येत नाही. मूत्रपिंडांचे काम मंदावले तरी आकडा चढतो. शिवाय संदर्भमर्यादा बहुधा निरोगी गटातील मधल्या 95 टक्क्यांवरून ठरवतात, म्हणजे उरलेले 5 टक्के लोक निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात (हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही). पक्षाघात, डोक्याला लागलेला मार किंवा हातापायांच्या नसांचा विकार यांनीही एनएफएल वाढते, आणि तपासणीची पद्धत बदलली की आकडेही बदलतात.