आग लागो त्या विम्याला!

सिडनीत घर घेतलंत? अभिनंदन! आता माझा फुकटचा सल्ला ऐका: त्याचा विमा अजिबात काढू नका.

परवाच माझी रिन्यूअलची नोटीस आली. 'इमर्जन्सी सर्व्हिसेस लेव्ही', म्हणजे आग-पुरात धावणाऱ्या दलांसाठीची पट्टी, या ओळीपुढचा आकडा बघून कंपनीला फोन लावला. भरपूर संगीत ऐकवून झाल्यावर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ते आमचं नाही, सरकारचं आहे." सरकार म्हणतं, आम्ही तर कंपन्यांकडून घेतो! तेव्हा फोनही करू नका.

आपल्या न्यू साऊथ वेल्स राज्यात अग्निशमन दल, रूरल फायर सर्व्हिस (वणवे विझवणारं स्वयंसेवकांचं दल) आणि एसईएस (पूर-वादळात मदतीला येणारी स्टेट इमर्जन्सी सर्व्हिस) यांच्या खर्चातला ७३.७ टक्के वाटा विमा कंपन्या उचलतात, ११.७ टक्के कौन्सिलं (आपल्या नगरपालिका) आणि १४.६ टक्के राज्य सरकार. कंपन्या कोणाच्या खिशातून उचलतात, ते सांगत नाही. विमा नसलेल्या शेजाऱ्याच्या छपरावर झाड पडलं, तरी तेच नारिंगी कपड्यांतले स्वयंसेवक धावत येणार, आणि यायलाच हवेत. पण वर्गणी चार घरांची आणि महाप्रसादाला अख्खी चाळ, असा हा गणपती आहे.

भाड्याने राहता? मग सामानाचाही विमा नको. लेव्ही तिथेही आहे.

हिशेब तर मुळीच करू नका, रक्तदाब वाढतो. प्रीमियममध्ये लेव्ही मिळवायची, त्या बेरजेवर १० टक्के जीएसटी, मग जीएसटीसकट सगळ्यावर ९ टक्के स्टॅम्प ड्युटी. करावर कर आणि त्यावर पुन्हा कर! लेव्हीचा एक डॉलर आपल्याला जवळजवळ एक डॉलर वीस सेंटना पडतो. शिवाय लेव्ही प्रीमियमच्या टक्क्यांत. नदीकाठी किंवा रानाच्या कडेला राहणाऱ्याचा प्रीमियम मुळातच जबर, म्हणून लेव्हीही जबर. तो वैतागून विमा सोडतो, त्याचा वाटा उरलेल्यांच्या बोकांडी बसतो, मग त्यांतलाही एखादा सोडतो. २०२२ साली आपल्या राज्यातलं लिस्मोर शहर पुरात बुडालं तेव्हा कितीतरी घरांना पुराचा विमाच नव्हता. परवडणार कसा?

नाहीतर शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात जा. २००९ च्या वणव्यांनंतर चौकशी आयोगाने सांगितलं आणि २०१३ पासून तिथे हा भार विम्यावरून काढून मालमत्तेवर टाकला. बिलावर लोक तिथेही कुरकुरतात, पण निदान सगळे कुरकुरतात.

आणि आपल्याकडे? २०१७ मध्ये असाच कायदा मंजूर केला. १ जुलैला लागू व्हायचा, तर महिना उरला असताना काही मालमत्तावाल्यांची बिलं फुगतायत म्हणून सरकारने शेपूट घातली. ते सरकार लिबरल पक्षाचं होतं. २०२३ मध्ये सत्तेवर असलेल्या लेबर पक्षवाल्यांनी पुन्हा जाहीर केलं, बदलणार म्हणून. माझ्या नोटिशीवरची ओळ जागची हललेली नाही.

विमा सोडू नका हो, चिडून बोललो. पण राज्यकर्त्यांनो, लाज कशी वाटत नाही? बंब सगळ्यांसाठी धावतो, तर पैसे सगळ्यांकडून घ्या. कौन्सिलचे रेट्स, म्हणजे घरपट्टी, बरोबर वसूल होतात ना? त्यातच घाला. मतं जातील म्हणून घाबरता, आणि वणव्यात फुकट राबणाऱ्यांच्या नावावर विमा काढणाऱ्यालाच दंड करता!